थांबवलेली गोळी

सुलेखा वासनिकला स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. नागपूरला इंदोऱ्याच्या घरात ती अभ्याससुद्धा येरझारा घालत करायची. इंजिनिअरिंगच्या तोंडी परीक्षेआधी तिनं वसतिगृहाचा जिना इतक्यांदा चढ-उतर केला होता, की वॉचमननं घाबरून वॉर्डनला बोलावलं होतं. आई, गिरजाबाई, म्हणायची, "हिच्या पायाले चाकंच हायत, फक्त दिसत नाहीत."

त्याच पायांनी ती १९९९ साली अमेरिकेत, रेडमंडला पोचली. एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम. प्रोग्राम कुठे मोडतो ते शोधायचं. तिला ते मानवलं, कारण त्यात गप्प राहून विश्वास ठेवायचा नसतो. हे दाबून बघ, ते ओढून बघ, मोडतंय का बघ.

उल्हास तिला भेटला बेलव्ह्यूच्या एका कम्युनिटी हॉलमध्ये, आंबेडकर जयंतीला. ती एका हातानं खुर्च्या ओढत होती आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर जेवणवाल्याशी भांडत होती. हा भंडाऱ्याचा मुलगा शांतपणे तिच्या मागोमाग त्या खुर्च्या सरळ रांगेत लावत होता. पुढच्या वर्षी नागपूरला त्यांचं लग्न झालं. उल्हास नेटवर्क सांभाळायचा. कमी बोलायचा, आणि बोलायच्या आधी दोनदा विचार करायचा. सुलेखाला कधी कधी त्या दोन विचारांचीही वाट बघवायची नाही.

पुढचं सगळं सुरू झालं एका गैरसमजातून.

२००३ चा ऑक्टोबर होता. तिला पार्किंगच्या दोन मजल्यांवर दम लागायला लागला. दोन घास खाल्ले की पोट गच्च. पॅन्टचं बटण डावीकडे रुतायचं. महिना चुकला होता असंही नाही, पण पाळी तिची कधीच वेळेवर नसायची. उल्हासनं एकदा पोळी लाटता लाटता तिच्याकडे बघून नुसत्याच भुवया उंचावल्या. ती हसली. मग दोघंही हसले. डॉक्टरकडे जाताना तिनं नवा कुर्ता घातला होता.

तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी पोटावर हात ठेवला, आणि डाव्या बरगडीखाली तो बराच वेळ तिथंच राहिला. "हे बाळ नाही," त्या म्हणाल्या. "ही तुझी प्लीहा आहे. फार मोठी झालीय." संध्याकाळी रक्ताचा रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी जिथे दहा हजारांच्या आत हव्यात, तिथे दीड लाख होत्या.

पुढच्या आठवड्यात ती डॉक्टर लिंडक्विस्ट यांच्यासमोर बसली होती. रक्ताच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या, साठीच्या, उंच आणि सावकाश बोलणाऱ्या बाई. त्यांनी कागदावर हाडाची पोकळी काढली आणि सांगितलं, "इथं रक्त तयार होतं. इथल्या एका पेशीत दोन गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन बसलेत. त्यामुळे पांढऱ्या पेशी बनवायचं बटण दाबलेलंच राहिलंय. तीन वर्षांपूर्वी आली असतीस, तर मी तुला फार कठीण गोष्टी सांगितल्या असत्या. आज माझ्याकडे एक गोळी आहे. ती ते बटण सोडवते."

"ऑपरेशन? केमो?" सुलेखानं विचारलं.

"नाही. रोज एक गोळी. दिवसातल्या मोठ्या जेवणाबरोबर, मोठा ग्लासभर पाणी पिऊन."

"आणि मी काय करायचं?"

"तेच. रोज. चुकवायचं नाही."

सुलेखाला वाटलं, या बाई काहीतरी लपवताहेत. एवढ्या मोठ्या दुखण्याला एवढंसं काम? कापा, जाळा, सुया टोचा असं काही सांगितलं असतं, तर तिनं कंबर कसली असती. गिळायचं आणि वाट बघायची, हे तिच्या स्वभावातच नव्हतं.

बाहेर नर्स कॅरोलनं पथ्यं समजावली. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. ग्रेपफ्रूट खायचं नाही, त्यानं औषध रक्तात जास्त साचतं. तापाची साधी गोळी असो, नाहीतर घरून आलेलं चूर्ण, विचारल्याशिवाय काहीही तोंडात टाकायचं नाही. त्रास झाला तर फोन करायचा, गोळी बंद करायची नाही. शेवटी कॅरोल खुर्ची जवळ ओढून म्हणाली, "आणि हे औषध चालू असताना दिवस जाऊ द्यायचे नाहीत. बाळाला धोका आहे. नुसता संशय आला, तरी त्याच दिवशी आम्हाला फोन."

सुलेखानं मान डोलावली. अंगात अजून तो नवा कुर्ताच होता असं तिला वाटत राहिलं, खरं तर त्या दिवशी तिनं साधा स्वेटर घातला होता.

गोळीनं काम केलं. महिन्याभरात पेशी उतरल्या, प्लीहा ओसरली, पुढच्या वर्षी हाडातल्या तपासणीत ती बिघडलेली गुणसूत्रं दिसेनाशी झाली. लिंडक्विस्टबाई खूश होत्या. पण गोळीचा हिशेब वेगळाच होता. सकाळी डोळे पुऱ्यांसारखे टम्म फुगलेले. मीटिंगमध्ये बसल्या बसल्या पोटरीत असा गोळा यायचा, की ती ओरडून उभी राहायची आणि सगळे दचकायचे. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळ, म्हणून जेवणाच्या मधोमध घ्यायची, आणि त्यामुळे जेवणच गोळीच्या चवीचं व्हायचं.

आणि रंग. हे कोणी सांगितलं नव्हतं. हळूहळू तिची त्वचा फिकी पडायला लागली. जन्मभर जिला सावळी, काळी, "पन नाकीडोळी नीटस हाय" असं ऐकावं लागलं, ती तिशीत उजळायला लागली. जयंतीच्या तयारीच्या मीटिंगला पद्मिनीताईंनी तिची हनुवटी धरून सगळ्यांना दाखवलं. पद्मिनीताई म्हणजे बेलव्ह्यूतल्या मंडळाच्या थोरल्या. मूळच्या अमरावतीच्या, बँकेत नोकरी करणाऱ्या, मनानं प्रेमळ. "बघा गं, काय उजळलीय आमची सुलेखा! इथलं पाणी मानवलं हिला." बायका कौतुकानं हसल्या. सुलेखाही हसली. घरी येऊन तिनं बाथरूमच्या आरशात पाहिलं. सुजलेल्या पापण्यांची, कोणाच्या तरी रंगाची ती बाई तिला ओळखता येईना.

आजाराबद्दल उल्हासखेरीज कोणालाच माहीत नव्हतं. नोकरी व्हिसावर, ग्रीनकार्ड अडकलेलं, म्हणून ऑफिसात सांगितलं नाही. आईला सांगितलं नाही, कारण ती तिकडे रडत बसली असती आणि तिला इथून थोपटायचं कसं? दर रविवारी फोनवर गिरजाबाई आडून विचारायच्या, "बाकी काही नवीन?" सुलेखा म्हणायची, "नवा प्रोजेक्ट आहे."

असं अडीच वर्षं चाललं.

२००६ च्या फेब्रुवारीत पाळी चुकली. आधी तिनं लक्ष दिलं नाही. मग एकदा बसमध्ये, ५२० नंबर हायवेच्या पुलावर, तळ्यावरचा पाऊस बघता बघता तिनं बोटांवर दिवस मोजले आणि पुन्हा मोजले. दोघंही खबरदारी घ्यायचे. पण खबरदारी म्हणजे काही लोखंडी कुलूप नव्हे.

कॅरोलचं वाक्य तिला शब्दन् शब्द आठवत होतं. नुसता संशय आला तरी त्याच दिवशी फोन. फोन पर्समध्ये होता. तिनं तो केला नाही.

त्या संध्याकाळी पाटवड्यांची भाजी होती. जेवताना उल्हास ऑफिसातल्या कुठल्याशा सर्व्हरचं सांगत होता. सुलेखानं गोळी तळहातावर घेतली. तिच्या मनात आलं, आत जर तांदळाच्या दाण्याएवढं काही असेल, तर ही गोळी त्याला काय करेल? उल्हास ताट ठेवायला उठला. ती ग्लासभर पाणी घटाघट प्यायली आणि तिनं गोळी परत बाटलीत टाकली.

एकच दिवस, ती स्वतःशी म्हणाली. उद्या टेस्ट आणीन.

दुसऱ्या दिवशी ती औषधांच्या दुकानात गेली. टेस्टच्या फळीसमोर उभी राहिली. बाजूला एक शाळकरी वाटावी अशी मुलगी तेच डबे चाळत होती. सुलेखानं टूथपेस्ट घेतली आणि घरी आली. तिसऱ्या दिवशीही तेच. घरात टूथपेस्टच्या तीन ट्यूब झाल्या.

तिची चूक कुठे होती, ते तिला कळत नव्हतं असं नाही. चुका शोधण्याचाच तर तिला पगार होता. पण टेस्टमध्ये "आहे" निघालं तर ठरवावं लागणार होतं. "नाही" निघालं तर ठरवायलाही काही उरणार नव्हतं. टेस्ट होत नव्हती तोवर दोन्ही दारं उघडी होती, आणि ती त्या दोन दारांमध्ये येरझारा घालत होती. ऑफिसात ती दर थोड्या वेळानं उठायची. कॉफीच्या मशीनपर्यंत जायची आणि कॉफी न घेताच परत यायची. कॉफी तिनं सोडली होती. जिन्यानं जायची, मग वाटायचं जिना नको, म्हणून लिफ्टपाशी थांबायची, मग वाटायचं चालणं चांगलं असतं. बोलता बोलता हात पोटाकडे जायचा आणि ती तो झटकन मागे घ्यायची.

आणि तिला बरं वाटायला लागलं, हे तर सगळ्यात वाईट. आठ-दहा दिवसांत पापण्या उतरल्या. पोटऱ्यांतले गोळे गेले. जेवणाला जेवणाची चव आली. आरशात ओळखीची बाई दिसायला लागली. औषध सोडून माणसाला इतकं बरं वाटत असेल, तर मग आजार नक्की कोणता, असा प्रश्न तिच्या मनात आला. त्याचं उत्तर तिला माहीत होतं, तरी तो प्रश्न तिनं हौसेनं पुन्हा पुन्हा विचारला.

एप्रिलच्या जयंतीचं काम तिनं सगळं अंगावर ओढून घेतलं. हॉलचं बुकिंग, मुलांची भाषणं, माइक, जेवण. पद्मिनीताई फोनवर म्हणाल्या, "अगं, आम्हालाही काही ठेव की. कोणी मागे लागलंय का तुझ्या?"

रविवारी आईचा फोन आला.

"बाकी काही नवीन?"

दर वेळी तोंडावर असलेलं उत्तर या वेळी आलंच नाही.

"सुले?" गिरजाबाईंचा आवाज एकदम हलका झाला. "काही हाय काय वं?"

"नाही आई. तसं काही नाही."

"तोंड नाही म्हन्ते, अन् आवाज होय म्हन्ते," आई म्हणाली, आणि पुढे काही न विचारता पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला लागली. ते न विचारणं सुलेखाला दिवसभर टोचत राहिलं.

मार्च संपत आला होता. एका शनिवारी सकाळी सुलेखा तळ्याकाठी फिरायला गेली असताना घरी औषधं पाठवणाऱ्या फार्मसीचा फोन आला. गोळ्या टपालानं यायच्या आणि दर महिन्याला तिथली कोणी तरी आधी फोन करायची. फोन उल्हासनं उचलला. नवी बाटली पाठवायची का आणि जुनीत किती शिल्लक आहेत, असं त्या बाईनं विचारलं. उल्हासनं कपाट उघडलं. बाटली हातात घेतली. ती जड होती. मागच्या महिन्याची दुसरी बाटली तिच्या मागे होती, तिचं सीलही फोडलेलं नव्हतं.

"मी नंतर कळवतो," तो म्हणाला.

सुलेखा ओल्या जॅकेटनं आत आली, तेव्हा तो ओट्याशी उभा होता. दोन्ही बाटल्या समोर.

"ही भरलेली कशी?"

ती जॅकेटची चेन उघडत राहिली.

"सुलेखा, रोज माझ्यासमोर पाणी पितेस तू. मी बघतो ना."

"पाणी पिते," ती म्हणाली.

"आणि गोळी?"

"मला दिवस गेलेत बहुतेक."

उल्हासचे दोन विचार करून झाले असतील नसतील, त्यानं विचारलं, "बहुतेक म्हणजे? टेस्ट केलीस?"

"नाही."

"किती दिवस झाले?"

"महिना होऊन गेला."

"महिना? आणि टेस्ट नाही केलीस? डॉक्टरला फोन?"

"काय सांगू फोन करून? त्या म्हणणार, गोळी चालू ठेव. नाहीतर म्हणणार, हे काढून टाक. मला दोन्ही ऐकायचं नव्हतं यार! अडीच वर्षं जे सांगितलं ते गिळतेय मी. एक गोष्ट मला माझी हवी होती. महिनाभर तरी."

"आणि मी?" उल्हास इतक्या जोरानं कधीच बोलला नव्हता. "मला सांगायला काय झालं होतं? तू इथं पाणी पीत होतीस आणि मी आपला खुळ्यासारखा सर्व्हरच्या गोष्टी सांगत होतो! तुला काही झालं असतं म्हणजे?"

त्यानं गाडीची किल्ली उचलली. "चल. दुकानात माझ्याबरोबर चल. आज टूथपेस्ट आणायची नाही."

म्हणजे त्या ट्यूब त्याच्या लक्षात आल्या होत्या. तिला त्याही स्थितीत हसू आलं, आणि मग रडू.

टेस्ट करून दोघं बाथरूमच्या बाहेर पॅसेजमध्ये जमिनीवर बसले. सुलेखा बसली, उठली, पुन्हा बसली. मग उल्हासच आत जाऊन बघून आला.

"नाहीये," तो म्हणाला.

"चुकीची असेल. या टेस्ट चुकतात."

"सोमवारी रक्ताची करू."

सोमवारी रक्ताचीही तशीच आली. दिवस गेलेच नव्हते. काळजीनं, अंगातल्या उलथापालथीनं पाळी लांबली असावी, असं लिंडक्विस्टबाई म्हणाल्या. मग त्यांनी दुसरा कागद पुढे केला. पांढऱ्या पेशींनी रेघ ओलांडली होती. फार नाही, पण ओलांडली होती. बारीक तपासणीचा निकाल दहा दिवसांनी येणार होता, आणि तो आला तेव्हा जे गुणसूत्र दिसेनासं झालं होतं ते परत दिसायला लागलं होतं.

पण त्या सोमवारी बाईंनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "मला फोन का नाही केलास?"

"तुम्ही गोळी थांबवायला सांगाल की बाळ थांबवायला, ते मला माहीत नव्हतं."

"मी आधी टेस्ट करायला सांगितलं असतं," लिंडक्विस्टबाई म्हणाल्या. "आणि बाळ असतं, तर त्याच दिवशी आपण तिघं बसून बोललो असतो. कदाचित मीच म्हटलं असतं, गोळी थांबव. पण तेव्हा मी तुझं रक्त बघत राहिले असते. तू एकटीनं थांबवलीस, तेव्हा कोणीच बघत नव्हतं. तुझी इच्छा चुकीची नाही, सुलेखा. ती माझ्यापासून लपवणं धोक्याचं होतं."

"मग मला मूल होऊच शकणार नाही?"

"तसं मी म्हटलेलं नाही. खात्रीही देणार नाही. फार थोड्या बायकांचा अनुभव आपल्या हाताशी आहे. आधी आजार खोलवर दबला पाहिजे, आणि बराच काळ तसाच राहिला पाहिजे. मग विचार करू. एकत्र."

परतताना गाडीत वायपर चालू होते. पुलाच्या मध्यावर उल्हास म्हणाला, "मलापण वाटलं होतं."

"काय?"

"पॅसेजमध्ये बसलो होतो तेव्हा. तेवढ्यात मी शाळा कुठली, तेही ठरवून टाकलं होतं."

तिनं त्याच्याकडे बघितलं. तो रस्त्याकडेच बघत होता. जे नव्हतंच, त्याचं दुःख करायचं तरी कसं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. त्या आठवड्यात त्यांनी ते आपापल्या परीनं केलं. उल्हासनं गॅरेज धुऊन काढलं. सुलेखा तळ्याला चालत राहिली, पावसात, टोपीशिवाय.

गोळी पुन्हा सुरू झाली, आणि अंग जणू राग धरून बसल्यासारखं वागलं. पहिल्याच आठवड्यात एकदा जेवण होतं न होतं तोच तिला सगळं उलटून पडलं. गोळी पडली की राहिली? दुसरी घ्यायची? हात बाटलीकडे गेलासुद्धा. मग तिनं फोन उचलला. रात्रपाळीच्या नर्सनं सरळ सांगितलं, "दुसरी घेऊ नका. उद्या नेहमीच्या वेळेला एक. उद्याही असंच झालं, तर परत फोन करा." फोन ठेवून सुलेखा ओट्याला टेकून उभी राहिली. विचारायला एक फोनच लागतो, हे तिला कळायला अडीच वर्षं लागली होती.

जयंती झाली. हॉल भरला, एका मुलाचा माइक बंद पडला, भात कमी पडला. पापण्या पुन्हा सुजायला लागल्या होत्या. आवराआवर करताना पद्मिनीताईंनी तिच्या गालाला हात लावला. "मध्यंतरी जरा काळवंडली होतीस बाई. आता पुन्हा कशी..."

"ताई, हा गोळीचा रंग आहे," सुलेखा म्हणाली. "मला रक्ताचा कॅन्सर आहे. अडीच वर्षं झाली."

पद्मिनीताईंच्या हातात घडी केलेली खुर्ची होती. ती त्यांनी उघडली आणि सुलेखाला तिच्यावर बसवलं. "मी तुला चारचौघांत गोरी गोरी म्हणत राहिले," त्या पुटपुटल्या. मग त्यांनी पदर खोचला आणि उरलेल्या खुर्च्या एकटीनं उचलायला घेतल्या. सुलेखा तीन वेळा उठायला गेली, तिन्ही वेळा त्यांनी लांबूनच बोट दाखवून बसवलं.

आईला सांगणं राहिलं होतं. पुढच्या रविवारी तिनं स्वतःच फोन लावला. सगळं सांगून झालं.

"आई?"

"अडीच वर्स," गिरजाबाई म्हणाल्या. "अडीच वर्स तू मले प्रोजेक्ट सांगत होती."

"तुला त्रास नको म्हणून."

"मंग तिकडं तुयाशी बोलत कोन होतं?"

आई रडली, पण सुलेखाला वाटलं होतं तितकी नाही. मग तिनं नाक ओढून विचारलं, "कायच्यासोबत घेतं ते गोळी? पोट भरून जेवतं ना?"

आजाराला पुन्हा दबायला वेळ लागला. २००७ उजाडलं तरी बारीक तपासणीत बिघडलेल्या गुणसूत्राचा ठिपका राहिलाच होता. दर तीन महिन्यांनी निकालाचे दहा दिवस सुलेखा घरात टिकायची नाही. मग त्या वर्षीच्या पावसाळी नोव्हेंबरात ठिपका गेला, आणि नंतरच्या खेपेलाही आला नाही.

२००८ च्या मार्चमध्ये तिनंच विषय काढला. लिंडक्विस्टबाईंनी काही लपवलं नाही. आणखी वर्षभर असंच राहिलं, तर देखरेखीखाली गोळी थांबवून प्रयत्न करता येईल. दर महिन्याला रक्त तपासायचं. आजार उलटू शकतो. उलटला तर गोळी बहुतेक पुन्हा लागू पडते. त्यांनी 'बहुतेक' हा शब्द सावकाश उच्चारला.

"तू ठरव," उल्हास घरी आल्यावर म्हणाला.

"मी एकटीनं काहीच ठरवणार नाही," ती उसळून म्हणाली. "एकटीनं ठरवलं होतं एकदा. तू बोल. तुला काय हवंय?"

उल्हासनं दोनच नाही, पुष्कळ विचार केले. उत्तर द्यायला त्याला आठवडे लागले. ते रोज तळ्याकाठी चालायचे, आणि रोज थोडं थोडं बोलायचे. शेवटी तो म्हणाला, "मला मूल हवंय. पण त्या 'बहुतेक'वर तुला पणाला लावायला मी तयार नाही." सुलेखा त्यावर भांडली, माघारी फिरली, दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं कॅरोलला फोन करून सांगितलं की सध्या गोळी थांबवायची नाही. पुढचं पुढच्या वर्षी विचारू. दत्तक घेण्याची माहिती तिनं मागवली, पण ती मेलबॉक्समध्ये न उघडता पडून राहिली. तिच्या मनाला शांती मिळाली असं कोणी म्हणू नये. प्रसूतिरजेवर गेलेल्या एका सहकारी बाईच्या रिकाम्या खुर्चीजवळून जाताना तिची चाल अजूनही वाढायची.

जूनमध्ये गिरजाबाई पहिल्यांदा अमेरिकेत आल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पिशवीतून काळपट चूर्णाची डबी काढली. "रामभाऊनं देल्लं. आपल्या गल्लीतले. रक्त शुद्ध करते म्हन्तेत. गोळीच्या संगं सकाळी चमचाभर."

"आई, विचारल्याशिवाय नाही."

"कोनाले इचारतं?"

"कॅरोलला. नर्स आहे."

"लाव फोन. मीच इचारतो तिले."

सुलेखानं स्पीकर लावला. गिरजाबाईंनी डबी फोनसमोर धरून मोठ्या आवाजात रामभाऊंची सगळी पुण्याई सांगितली. सुलेखानं ती निम्मी भाषांतरित केली. कॅरोल थोडं हसली, मग विचारती झाली.

"काय म्हन्ते ते?"

"विचारते, यात काय काय आहे?"

गिरजाबाईंनी डबी उलटसुलट केली. तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. "ते तं रामभाऊलेच माहीत."

"मग नको म्हणते. गोळीचं काम बिघडू शकतं, नाहीतर लिव्हरला त्रास होऊ शकतो."

गिरजाबाईंनी क्षणभर फोनकडे संशयानं बघितलं. मग डबीचं झाकण घट्ट लावलं आणि ती पुन्हा पिशवीच्या तळाशी, लुगड्यांच्या खाली कोंबली. "त्याले सांगीन, घेतलं म्हनून," त्या म्हणाल्या. "पन चालाले तं मनाई नाही ना? सकाळपासून घरात बसून माहे गुडघे आखडले."

सुलेखाचे बूट पायात होतेच.